बारा फुटी फोल्डिंग रॉडचा सेट सहा महिने वापरला, आता खरं काय ते सांगतो

तर झालं असं की दिवाळी संपली, बोनसचे थोडे पैसे उरले होते आणि बरीच वर्षं मनात होतं म्हणून एकदाचा फिशिंग रॉडचा सेट घेतला. बारा फुटी म्हणजे ३.६ मीटरचा टेलिस्कोपिक रॉड, ४००० साइझचं स्पिनिंग रील, त्यावर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, एका प्लास्टिकच्या डबीत गळ, शिसं, स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू नये म्हणून फिरणारी कडी), दोन फ्लोट, एक इवलीशी घंटी आणि हे सगळं कोंबायला काळी पिशवी. २३५० रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण हाच सेट, हाच लाल पट्टा, हेच सोनेरी रील मी ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी बघितलंय, त्यामुळे नाव सांगून तुमचा काही फायदा नाही, वस्तू बघून ओळखाल.

बॉक्सवर फोटो आहे, एक गोरा माणूस नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून हसतोय. बडोद्यातल्या माणसाने हा फोटो बघितला की पहिल्यांदा त्याला हसू येतं आणि मग पाय वर घ्यावेसे वाटतात. जे आमच्या गावचे नाहीत त्यांच्यासाठी, शहराच्या मधोमध विश्वामित्री वाहते, पावागडावरून येते, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते, आणि शहरातल्या पट्ट्यात तिच्यात मगरी आहेत. एखाददुसरी नाही हो, २०२५ च्या मोजणीत चारशेच्या वर निघाल्या. थंडीत कामनाथ महादेवाच्या बाजूला किंवा कमाटीबागेतल्या पुलावरून बघा, ऊन खात पडलेल्या असतात आणि लोक स्कूटर साइडला लावून पोरांना दाखवत असतात, जसं काही शेजारच्यांची म्हैस. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं तेव्हा तर लोकांच्या सोसायट्यांमधून पकडून नेल्या. त्यामुळे बाकी जगात रॉडची लांबी बघतात ती गळ किती लांब जाईल म्हणून, आम्ही बघतो ती आपल्याला पाण्यापासून किती लांब उभं राहता येईल म्हणून. सात फुटी रॉड स्वस्त होता, हलका होता, दुकानदार काकांनी तोच आधी दाखवला, मग विचारलं "क्यां जवाना?" म्हणजे कुठे जाणार, मी म्हटलं बघू, आधी इथेच जवळपास, तर त्यांनी काही न बोलता सात फुटी परत ठेवला आणि बारा फुटी काढला. वर म्हणाले "किनारे ऊभा ना रहेता." दुकानाला इथेच पाच स्टार देऊन टाकतो.

आता रॉड. बॉक्सवर ९९ टक्के कार्बन लिहिलंय, ते सोडून द्या, या किमतीत पूर्ण कार्बन येत नाही, यात फायबर ग्लास भरपूर आहे आणि हातात घेतल्यावर कळतं, रील लावून पाऊण किलोच्या आसपास होतं, दोन तास धरून बसलात तर मनगट बोलायला लागतं. पण फायबर ग्लासचा एक फायदा म्हणजे तो वाकतो बिचारा, कडक कार्बनसारखा टकन तुटत नाही, नवशिक्या माणसाच्या हातात हेच बरं. उघडताना सगळ्या रिंगा एका रेषेत आणायच्या नाहीतर तंगूस रॉडला घासत जातो आणि फेक निम्मी होते. बंद करताना मात्र पिरगाळायचं नाही, सरळ दाबायचं. आणि वाळू! फोल्डिंग रॉडचा खरा शत्रू मासा नाही, वाळू आहे. एकदा सांध्यात कण गेला की असा अडकतो की दोघं जण दोन बाजूंनी ओढताहेत, लग्नातल्या सुपारीसारखं. मी आता घरी आलो की आधी रॉड बाथरूममध्ये धुतो, मग पाय.

रीलबद्दल थोडं जास्त लिहितो कारण फसवणूक तिथेच आहे. वर १३ बेअरिंग छापलंय. मी उघडून बघितलं (होय, वॉरंटी गेली, पण वॉरंटी होती कुठे), ३ बेअरिंग, बाकी सगळे प्लास्टिकचे बुश. गिअर रेशो ५.२ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की वरचा भाग पाच फेऱ्या आणि थोडा जास्त फिरतो, ते मात्र मोजून बघितलं, बरोबर आहे. ड्रॅग म्हणजे समोर ती पिळायची गुंडी असते ना, मासा जोरात पळाला तर तंगूस तुटायच्या आधी रीलने थोडा थोडा सोडावा यासाठी, ती कंपनीतून पूर्ण घट्ट पिळलेली येते आणि डबीत एक अक्षर लिहिलेलं नाही की बाबा ही आधी सैल कर. साधा हिशोब असा की तंगुसाच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतक्या ओढीला ड्रॅग सुटला पाहिजे. आठ किलोचा तंगूस असेल तर दोन किलो. घरी कसं करायचं, तर दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली तंगुसाला बांधायची, रॉड उभा धरायचा, आणि बाटली हळूहळू खाली सरकेल इतपत गुंडी सैल करायची. मिसेस म्हणाल्या गच्चीवरून बाटल्या सोडताय, खालचे काका काय म्हणतील. काका काही म्हणाले नाहीत, वर येऊन बघत बसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मुलाला घेऊन आले.

हे ज्ञान मला आधी नव्हतं, आणि ते कसं मिळालं ती गोष्ट म्हणजे हा रिव्ह्यू लिहायचं कारण. नोव्हेंबरमधला रविवार, सकाळी साडेसात, मी आणि मेहुणा. जागा कुठली ते लिहीत नाही, कोणी जाऊ नये म्हणूनच. उंच काठ होता, पाण्यापासून आम्ही दहा-बारा फूट मागे आणि तितकेच वर, मधे उतार. आमचे आप्पा, म्हणजे माझे आजोबा, त्यांच्या तरुणपणी बांबूच्या काठीला तंगूस बांधून आणि ज्वारीच्या धाटाचा तुकडा फ्लोट म्हणून लावून या नदीत मासे धरायचे, ते सगळं ऐकून वाढलेला मी, त्यामुळे एकदा तरी याच नदीत गळ टाकायचा हे डोक्यात बसलेलं. त्यांच्या वेळचं पाणी वेगळं. आता शहरातल्या पट्ट्यात कितीतरी नाले येऊन पडतात, रंग आणि वास दोन्ही सांगतात काय आहे ते. तर खाणार नाही, फक्त लागतो का बघायचं आणि सोडायचं, असं ठरवून गेलो होतो.

कणकेची गोळी लावली, अर्ध्या तासात तिलापिया लागला, हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मी हँडल फिरवत त्याला काठाजवळ आणतोय आणि डाव्या हाताला एक लाकडाचा ओंडका होता, मघापासून तिथेच, आम्ही दोघांनीही बघितलेला, त्याच्यावर एक बगळासुद्धा येऊन गेला होता असं मेहुणा अजून शपथेवर सांगतो. तो ओंडका सरकला. आवाज नाही काही नाही, फक्त पाण्यावर एक रेघ आली आणि मग एकदम थप्पड मारल्यासारखं पाणी उडालं आणि मासा गेला, गळ गेला, आणि रॉड माझ्या हातात असा वाकला की टोक थेट पाण्याकडे झुकलं. ड्रॅग पूर्ण घट्ट, तो एक इंच सोडायला तयार नाही. मी मूर्खासारखा धरून. दोन पावलं पुढे ओढला गेलो, बारा फुटातले दोन फूट गेले म्हणजे. मेहुण्याने मागून माझा पट्टा पकडला आणि ओरडला "सोड ना!" आणि मी सोडायच्या आधीच तंगूस तुटला.

म्हणजे सेटमध्ये आलेला तो भिकार तंगूस, ज्याच्या रिळावर ०.४० मिलीमीटर छापलंय आणि बोटात धरलं तर केसासारखा लागतो, जो गाठ मारताना दोनदा तुटला होता आणि ज्याला मी आदल्या रात्री शिव्या घातल्या होत्या, त्यानेच मला वाचवलं. चांगल्या क्वालिटीचा असता तर रॉड जाताना बघत बसलो असतो, किंवा रॉडबरोबर मीही. त्यामुळे या सेटमधल्या तंगुसाला किती स्टार द्यायचे हे मला खरंच कळत नाही. मासेमारीसाठी शून्य. बाकी पाच.

नंतर दोन दिवस वाईट मात्र दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. तो गळ आणि पंधरा-वीस फूट तंगूस त्या मगरीच्या तोंडात किंवा नदीत राहिला. नायलॉन लवकर कुजत नाही, नदीत कासवंही आहेत, त्यांच्या पायात गुंतला तर संपलंच. मगर आणि ती मऊ पाठीची कासवं दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमच्याकडे खोडियार माताजीचं वाहन मगर, आईने हे ऐकल्यावर आधी माझ्याकडे बघितलं, मग देवापुढे दिवा लावला, मग म्हणाली "तुला नदी काय ती एकच मिळाली का रे?" विश्वामित्रीत परत गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका, रॉड बारा फुटी असो नाहीतर वीस. त्यात फेब्रुवारी ते एप्रिल मगरीच्या माद्या काठावरच्या मातीत अंडी घालतात आणि जवळपासच बसतात, तेव्हा तर काठ त्यांचाच.

तर पुढे डिसेंबरपासून आम्ही मही नदी पकडली. फाजलपूरच्या बाजूला, गाडीने अर्धा-पाऊण तास. तिथे सेटची खरी परीक्षा झाली कारण तिथे मासा खरा होता. महीत सरळ सरळ गुडघाभर पाण्यात उभे असलेले लोक दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, वाळू उपसून उपसून तळाला खड्डे झालेत, एक पाऊल घोट्यापर्यंत आणि दुसरं डोक्यावरून. दर उन्हाळ्यात पेपरात बातम्या येतात त्या यातल्याच. मगर तिथेही असते, कमी असते एवढंच. बारा फुटी रॉडने कोरड्या वाळूवर उभं राहून तीस-चाळीस मीटर आरामात जातं, शिसं मात्र डबीतलं घेऊ नका, फार हलकं आहे, वाऱ्याने मागे येतं.

डबीतल्या बाकी वस्तूंचं पटकन सांगतो. गळ दोन फेऱ्यांत गंजले. आणि नंबरांचा घोळ समजून घ्या, १ पासून पुढे जसा आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो, १० नंबर म्हणजे बारका, पण १/०, २/० असं लिहिलेलं असेल तर उलटं, ते मोठे मोठे होत जातात, मी ८ नंबर मोठा असेल म्हणून आणला आणि शिंगाळ्यासाठी डासाएवढा गळ घेऊन बसलो. स्विव्हल ठीक. फ्लोट एक फुटलेलाच आला. घंटी मस्त, रॉडच्या टोकाला लावून चहा पीत बसायचं, वाजली की पळायचं, फक्त वारा आला तरी वाजते आणि मग उगाच चहा सांडतो. काय नाहीये ते महत्त्वाचं, लांब दांड्याची जाळी नाहीये. बडोद्याच्या माणसाला खरं तर पहिली वस्तू तीच लागते, मासा काठाशी आल्यावर वाकून हाताने उचलायचा नाही म्हणजे नाही. ती वेगळी घेतली, ६५० रुपये. नवा तंगूस ०.३५ चा १८० रुपये, गळ आणि शिसं मिळून २०० धरा. म्हणजे २३५० चा "कम्प्लीट सेट" मला ३३८० ला पडला आणि तेव्हा कुठे तो कम्प्लीट झाला. गाठ मारताना ओली करून आवळा, थुंकी लावली तरी चालते, कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथेच तुटते. हे पण डबीत लिहिलेलं नाही.

आमिष मी घरीच करतो. कणीक, भाजलेलं बेसन, घाणीवरून आणलेली शेंगदाण्याची पेंड, थोडा गूळ, चिमूटभर हिंग. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे फ्लोट किती उंचीवर बांधलाय त्यावर कोण येणार हे ठरतं, आणि तळाला शिसं टाकून बसलात तर कटल्याची वाट बघू नका. मरळीसाठी रबरी बेडूक लागतो, ती मधेमधे वर येऊन हवा घेते, तिथे गवताच्या कडेला टाकायचा, पण या बारा फुटी सोट्याने तो खेळ जमत नाही, फार जड पडतो, त्यासाठी सात फुटीच पाहिजे. तेवढ्यापुरता काकांनी परत ठेवलेला तो रॉड आठवतो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सव्वा किलोचा रोहू लागला. ड्रॅग यावेळी बाटलीने सेट केलेला, तो तीन वेळा पळाला, तीन वेळा रीलने कर्र करत सोडलं, रॉडने छान वाकून झटके खाल्ले आणि सात-आठ मिनिटांत जाळीत. तेव्हा वाटलं पैसे वसूल. आम्ही सीकेपी, घरात मासा आला की एरवी भांडणारी माणसंही एकत्र स्वयंपाकघरात जमतात, पण आईचं मत ठाम की गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो. वास येतो हे खरं आहे, पाण्यातल्या शेवाळामुळे आणि काही जिवाणूंमुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य माशात उतरतं त्याचा तो, आणि आंबटाने तो मरतो. तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ लावून अर्धा तास ठेवलं, मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, तांदळाच्या पिठात घोळवून तळलं. आईने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली "बरा झालाय." आमच्याकडे "बरा" म्हणजे सर्टिफिकेट.

मग आली उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. इथे माझी चूक आहे, कंपनीची नाही, आधीच सांगतो. १४ तारखेला मी गच्चीवर उंधियो खाण्यात मग्न आणि आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी कटलेले पतंग पकडायला बारा फुटी रॉड काढला. कल्पना वाईट नव्हती, टोकाला काटेरी फांदी बांधून तीन पतंग काढले पण होते त्याने. चौथ्याला मांजा टोकाच्या रिंगेत गुंतला, त्याने ओढला, वरचं सात-आठ इंचांचं टोक कडकन गेलं. मी तिथवर पोचलो तेव्हा मला टोकाचं काही वाटलं नाही कारण तो जिथे उभा होता तिथून विजेची तार पाच फुटांवर होती. रॉडमध्ये थोडा का होईना कार्बन आहे आणि कार्बनमधून वीज जाते. नदीवर जातानासुद्धा वर तारा बघा, आणि ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून गाडीत जाऊन बसा. पोराला त्या दिवशी इतका ओरडलो की खालचे काका खरोखरच काहीतरी म्हणाले.

टोकासाठी ऑनलाइन विकणाऱ्यांच्या कस्टमर केअरला मेल केला, त्यांना विचारलं की वरचा तुकडा सुटा मिळतो का, त्यांनी उत्तर दिलं "आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद". दोनदा. शेवटी दुकानदार काकांकडेच गेलो, त्यांनी तुटलेला भाग घासून सपाट केला, हॉट ग्लूने नवी टोकाची रिंग बसवली, ८० रुपये घेतले आणि पतंगाचं ऐकून पोट धरून हसले.

एकंदरीत रॉडला चार, रीलला तीन (सहा महिन्यांत हँडल थोडं डुगडुगायला लागलंय, आत ग्रीस भरल्यावर आवाज कमी झाला), डबीला एक, आणि तो एकही घंटीसाठी. पहिलाच रॉड असेल, महीवर किंवा नर्मदेवर मालसर, चांदोदकडे कधीमधी जायचं असेल तर घ्या, पण हजार रुपये बाजूला ठेवून घ्या. दर रविवारी जाणारे असाल तर हा घेऊ नका, मनगट आणि रील दोन्ही टिकणार नाहीत. जून ते ऑगस्ट मी तसाही रॉड बाहेर काढणार नाही, मासे अंड्यावर असतात, आणि आजवा तलावाची (त्याचं जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येतं) लेव्हल २१२ फुटांच्या वर गेली की आमचं सगळ्यांचं लक्ष गळापेक्षा पार्किंगमधल्या गाडीवर असतं.

टोक गेल्यामुळे रॉड आता बारा फुटांचा साडेअकरा भरतो. मिसेसनी परवा विचारलं, "अहो, म्हणजे आता पाण्याच्या अर्धा फूट जवळ उभे राहणार का?" म्हटलं नाही, जाळीचा दांडा फुटाने वाढवून घेतलाय.